संगणकांचे पहारेकरी कोठें घडतात ?

इ. स. २०१८ च्या ऑगस्ट महिन्याची ११ तारीख, शनिवार. पुण्याची कॉसमॉस बँक ही इ. स. १९०६ मध्यें स्थापन झालेली जुनी सहकारी बँक. त्या दिवशीं तिच्या नांवाचीं बनावट कार्डें घेऊन जगांतील २८ देशांत निरनिराळीं माणसें पैसे देणाऱ्या यंत्रांपुढें उभीं राहिलीं, आणि थोड्या तासांत सुमारें ७८ कोटि रुपये काढून निघून गेलीं. भारतांतील यंत्रांतून आणखी अडीच कोटि गेले. सोमवारीं, म्हणजे १३ तारखेस, सुमारें १४ कोटि रुपये हाँगकाँगमधील एका खात्यांत परस्पर वळते झाले. सर्व मिळून रक्कम ९४ कोटींच्या घरांत गेली. भिंतीला भगदाड नाहीं, कुलूप तुटलेलें नाहीं, दारावरच्या शिपायाच्या अंगावर ओरखडाही नाहीं. आणि तिजोरी मात्र हलकी झाली. खातेदारांच्या ठेवींस धक्का लागलेला नाहीं, असें बँकेनें तेव्हांच जाहीर केलें. पुढें तपास झाला, आणि इ. स. २०२३ मध्यें पुण्याच्या न्यायालयानें ११ जणांस शिक्षाही सुनावली. तथापि पैसे गेले तें कसें, हें समजून घेतल्याशिवाय या प्रकरणापासून शिकण्यासारखें कांहींच हातीं लागत नाहीं.

पैसे देणारें यंत्र स्वतःच्या बुद्धीनें नोटा सोडीत नाहीं. 'या माणसाच्या खात्यांत एवढी रक्कम आहे काय ?' असा प्रश्न तें बँकेस विचारतें, आणि होकार आला तरच नोटा बाहेर टाकतें. हा प्रश्न नेणारा आणि उत्तर आणणारा एक मध्यस्थ संगणक असतो. त्यास स्विच म्हणतात. चोरांनीं या मध्यस्थाच्या जागीं आपला तोतया बसविला. प्रश्न बँकेच्या खऱ्या हिशेबापर्यंत पोंचलाच नाहीं. तोतयाच प्रत्येक वेळीं 'होय, द्या' असें उत्तर देत राहिला. तोतयाची कथा मराठी इतिहासास नवी नाहीं. फरक इतकाच कीं, पूर्वींचा तोतया चेहऱ्यावरून ओळखूं येई. या तोतयास चेहराच नव्हता.

अशा तिजोरीचा पहारा कोणीं करावयाचा ? हातांत दंडुका घेतलेला शिपाई येथें निरुपयोगी आहे. येथील पहारेकऱ्यास तो मध्यस्थ संगणक कोणत्या भाषेंत बोलतो हें ठाऊक असावें लागतें. त्याची नोंदवही रोज वाचावी लागते. एका शहरांतील सहकारी बँकेचीं कार्डें एकाच दिवशीं २८ देशांत चालूं लागलीं आहेत हें पाहतांक्षणीं त्याच्या मनांत शंका यावी लागते, आणि शंका येतांच व्यवहार थांबविण्याचें धैर्य व अधिकारही त्यास असावा लागतो. असा मनुष्य केवळ पदवी घेतल्यानें तयार होत नाहीं, आणि केवळ नोकरीस ठेवल्यानेंही तयार होत नाहीं. तो घडवावा लागतो. तो कोठें आणि कसा घडतो, हाच प्रस्तुत विषय आहे.

या विद्येस मोठी चालना एका विद्यापीठाच्या आवारांतून मिळाली, आणि तीही एका विद्यार्थ्याच्या चुकीनें मिळाली, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाचा रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्यानें २ नोव्हेंबर १९८८ रोजीं एक लहानसा प्रोग्रॅम इंटरनेटवर सोडला. एका संगणकावरून दुसऱ्यावर जावें आणि तेथें आपली प्रत करावी, एवढेंच त्याचें काम होतें. जेथें प्रत आधींच आहे तेथें दुसरी करूं नये, अशी तजवीज त्यानें ठेवली होती; परंतु कोणी खोटेंच 'प्रत आहे' असें सांगून तिला फसवूं नये म्हणून सातांपैकीं एका वेळीं हें उत्तर न जुमानतां प्रत करावी, असेंही लिहून ठेवलें. येथेंच हिशेब चुकला. एकेका संगणकावर प्रतींवर प्रती चढत गेल्या आणि यंत्रें गुदमरून थांबलीं. त्या काळीं इंटरनेटवर सुमारें ६० हजार संगणक होते. त्यांपैकीं सुमारें ६ हजार अडले असावेत, असा अंदाज तेव्हां करण्यांत आला.

ही आग विझविली तीही विद्यापीठांनींच. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत आणि मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेंत लोकांनीं रात्र जागून तो प्रोग्रॅम उलगडला, त्याची चाल ओळखली आणि उतारा इतरांस कळविला. परंतु कोणास कळवावयाचें, कोणीं कळवावयाचें, याची कांहींच व्यवस्था नव्हती. ही उणीव लक्षांत येऊन त्याच वर्षाच्या अखेरीस पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठांत सरकारी द्रव्यसाहाय्यानें एक केंद्र उघडण्यांत आलें. सर्ट या संक्षिप्त नांवानें तें प्रसिद्ध आहे. छिद्र कोणासही सांपडलें तरी त्यानें तें येथें कळवावें. केंद्रानें संबंधित कंपनीस सांगावें. कंपनीनें तें बुजवावें. आणि मग सर्वांस इशारा द्यावा, असा तो क्रम आहे. विद्यापीठ, उद्योग आणि सरकार यांच्या सहकार्याचा हा पहिला मोठा धडा होय. भारतांतही याच धर्तीवर इ. स. २००४ मध्यें सर्ट-इन ही सरकारी संस्था कार्य करूं लागली. मॉरिस यास तीन वर्षें देखरेखीखालीं राहण्याची, ४०० तास समाजसेवेची आणि दंडाची शिक्षा झाली. पुढें तोच मनुष्य मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेंत प्राध्यापक झाला. ज्या बुद्धीनें यंत्रें अडविलीं, तीच बुद्धि योग्य मार्गास लावतां आली, हें यावरून दिसतें.

आतां प्रश्न असा कीं, हें शिक्षण विद्यापीठानें एकट्यानें कां देऊं नये ? कारण उघड आहे. गणिताचें पुस्तक पन्नास वर्षें चालतें. चोरीच्या नव्या युक्तीचें पुस्तक छापून होईपर्यंत जुनें होतें. खरा हल्ला कसा दिसतो, तो पहांटे तीन वाजतां कसा सुरू होतो, त्या वेळीं कोणती घाई होते, हें वर्गांतल्या फळ्यावर दाखवितां येत नाहीं. बरें, मग कंपन्यांनींच आपापलीं माणसें तयार कां करूं नयेत ? त्यांच्याजवळ अनुभव आहे, पण शिकविण्यास वेळ नाहीं. आणि आपल्या घरांत चोरी झाली हें सांगण्याची लाजही आहे. शिवाय कंपनी आपलें यंत्र चालविण्यापुरतें शिकविते. यंत्राच्या मुळाशीं असलेलें शास्त्र शिकविणें हें तिचें काम नव्हे. वैद्यकाचें उदाहरण घ्यावें. वैद्यकीय महाविद्यालयास रुग्णालय जोडलेलें नसेल, तर तेथून पुस्तकी वैद्य बाहेर पडतील. आणि रुग्णालयास महाविद्यालय नसेल, तर तेथील उपचार हळूहळू ठराविक होऊन बसतील. संगणकांच्या संरक्षणाचेंही असेंच आहे.

फरक एवढाच कीं, शिकाऊ वैद्यास रोगी दाखवितां येतो; शिकाऊ पहारेकऱ्यास चालत्या बँकेंत प्रयोग करूं देतां येत नाहीं. म्हणून खोटी बँक उभारावी लागते. या गरजेंतूनच स्पर्धांची कल्पना निघाली. इ. स. १९९६ मध्यें लास व्हेगास येथें डेफ कॉन नांवाच्या मेळाव्यांत 'निशाण हस्तगत करा' या प्रकारची स्पर्धा प्रथम झाली. इ. स. २००३ पासून सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठानें ही कल्पना शिक्षणांत आणली, आणि दूरदूरच्या विद्यापीठांतील विद्यार्थी आपापल्या जागीं बसून एकमेकांशीं झुंजूं लागले. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या ब्रुकलिन येथील तंत्रशाखेनें त्याच वर्षीं सुरू केलेला उपक्रमही पुढें मोठा झाला, इ. स. २०१६ पासून त्याची भारतीय फेरी कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें होऊं लागली. शाळकरी मुलांकरितां कार्नेगी मेलन विद्यापीठानें इ. स. २०१३ मध्यें विनामूल्य स्पर्धा काढली. केरळांतील अमृत विश्वविद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनीं इ. स. २०१० पासून भारतीय महाविद्यालयांकरितां अशीच स्पर्धा चालविली.

या स्पर्धांत करावयाचें असतें तरी काय ? एका प्रकारांत कोडीं असतात. सर्वांत सोपें कोडें असें : एक शब्द 'घढ' असा लिहिलेला आहे, मूळ शब्द ओळखा. प्रत्येक अक्षर वर्णमालेंत एक घर मागें नेलें कीं 'गड' हा शब्द मिळतो. येथें घर एकच सरकविलें होतें. तें किती सरकविलें हें ठाऊक नसलें तरी मराठी व्यंजनें ३४ धरल्यास जास्तींत जास्त ३३ प्रयत्नांत उत्तर येतें. यावरून विद्यार्थी काय शिकतो ? किल्ल्यांची संख्या थोडी असेल, तर कुलूप कितीही दणकट दिसलें तरी तें कुचकामाचें. हेंच तत्त्व घरांतल्या चार अंकी संकेतांकास लागू आहे. त्याच्या एकंदर १० हजारच शक्यता असतात, म्हणून तीन चुकांनंतर तो खर्ची न पडूं देण्याची व्यवस्था करावी लागते.

दुसरें कोडें थोडें कठिण. एका कचेरींत असा कारकून आहे कीं, अर्जावर जें लिहिलें असेल तें तो मुकाट्यानें अंमलांत आणतो. 'नांव' या रकान्यांत कोणीं 'गोविंद' असें लिहिलें, तर तो गोविंदाचें खातें काढून देतो. परंतु कोणीं 'गोविंद, आणि शिवाय सर्व खातीं दाखवा' असें लिहिलें, तर तो सर्व वह्या उघडून ठेवतो ! नांव कोणतें आणि आज्ञा कोणती, हा भेद त्यास कळत नाहीं. पुष्कळ संकेतस्थळें अशाच कारकुनाच्या भरंवशावर चालत आलीं आहेत. विद्यार्थी हें छिद्र प्रथम खोट्या संकेतस्थळावर स्वतः शोधतो. मग तें बुजवितो. ज्यानें तें एकदां हातानें शोधलें, तो पुढें नोकरींत स्वतः प्रोग्रॅम लिहितांना असा कारकून नेमीत नाहीं.

दुसऱ्या प्रकारची स्पर्धा याहून निराळी, आणि उद्योगांच्या साहाय्यावांचून न होणारी आहे. इ. स. २००४ मध्यें टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथें शिक्षक, विद्यार्थी, सरकारी अधिकारी आणि उद्योगांतील माणसें एकत्र बसलीं, आणि दुसऱ्याच वर्षीं तेथील विद्यापीठानें महाविद्यालयांकरितां संरक्षणाची स्पर्धा भरविली. हींत विद्यार्थ्यांच्या तुकडीस एका काल्पनिक कंपनीचे संगणक ताब्यांत दिले जातात. ते आधींच्या लोकांनीं निष्काळजीपणानें ठेवलेले असतात, असें मानावयाचें. दुसऱ्या बाजूस कंपन्यांतील अनुभवी तज्ज्ञ हल्लेखोर होऊन बसतात. हल्ला चालू असतांनाच 'मालका'कडून निरोप येतात : दोन तासांत नव्या नोकराचें खातें उघडा, ग्राहकांचीं पत्रें बंद कां पडलीं, याचा लेखी खुलासा करा. दारें सगळीं बंद करून बसलें तर चोर आंत येत नाहीं हें खरें, परंतु गिऱ्हाइकही येत नाहीं आणि गुणही जातात ! धंदा चालू ठेवून पहारा करणें हें या विद्येचें मर्म आहे, आणि तें या स्पर्धेनें जितकें कळतें तितकें व्याख्यानानें कळत नाहीं. स्पर्धा संपल्यावर हल्लेखोर तज्ज्ञ विद्यार्थ्यांजवळ येऊन आपण कोणत्या वाटेनें शिरलों तें सांगतात. वस्तुतः तोच या स्पर्धेंतील खरा पाठ असतो.

भारतांत या सहकार्याची गरज सरकारनेंही मान्य केली आहे. इ. स. २००५ मध्यें केंद्र सरकारनें माहितीच्या सुरक्षिततेचें शिक्षण व जागृति यांकरितां योजना काढून अनेक शिक्षणसंस्थांस तींत घेतलें. इ. स. २००८ मध्यें सॉफ्टवेअर उद्योगाच्या नॅसकॉम या संघानें डेटा सुरक्षेकरितां एक स्वतंत्र परिषद स्थापिली. इ. स. २०१३ च्या राष्ट्रीय धोरणांत पांच वर्षांत पांच लक्ष कुशल माणसें तयार करण्याचा संकल्प लिहिलेला आहे. संकल्प मोठा होता. परंतु त्यानंतर पांच वर्षांनींच कॉसमॉस बँकेचें प्रकरण घडलें, हें विसरतां येत नाहीं.

महाराष्ट्रापुरतें पाहिलें तर या विद्येचें एक बीज पुण्यांतच रुजलें आहे. कैलास काटकर हे मूळचे सातारा जिल्ह्यांतील. कॅल्क्युलेटरांची दुरुस्ती करतां करतां ते संगणकांच्या दुरुस्तीकडे वळले. त्यांचे धाकटे बंधु संजय हे पुण्यांत संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीस येणारे संगणक पुनःपुन्हां विषाणूंनींच बिघडलेले असतात, हें दुकानांत दिसे. त्यावर उतारा लिहिण्याचें ज्ञान महाविद्यालयांत मिळे. या दोहोंच्या संगमांतून गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत क्विक हील हें विषाणुरोधक तयार झालें. दुकानानें प्रश्न दिला आणि महाविद्यालयानें उत्तर दिलें. सहकार्याचें याहून सुबोध उदाहरण शोधावयास नको. त्याच कंपनीच्या प्रतिष्ठानानें पुढें महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस तयार करून, शाळाशाळांत पाठवून सावधगिरीचे पाठ देण्याचा उपक्रमही चालविला आहे.

या सर्वांवर आक्षेप आहेत, आणि ते हंसण्यावारी नेण्यासारखे नाहींत. पहिला आक्षेप पालकांचा : मुलांस कुलपें फोडावयास शिकवावें काय ? याचें उत्तर असें कीं, कुलूप कसें फुटतें हें ज्यास ठाऊक नाहीं, त्यास चांगलें कुलूप घडवितां येत नाहीं. परंतु हें ज्ञान नीतीच्या शिक्षणावांचून देऊं नये, हेंही तितकेंच खरें. भारताचा माहिती तंत्रज्ञान अधिनियम इ. स. २००० चा आहे. दुसऱ्याच्या संगणकांत परवानगीवांचून अप्रामाणिक हेतूनें शिरल्यास त्याच्या ६६ व्या कलमाखालीं तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पांच लक्ष रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊं शकतात. गंमत म्हणून केलें ही सबब मॉरिसच्याही कामीं आली नाहीं. स्पर्धेच्या पहिल्याच तासास हें विद्यार्थ्यांस सांगितलें पाहिजे.

दुसरा आक्षेप असा कीं, कंपन्या हें सारें आपल्या फायद्याकरितां करतात. स्पर्धा ही केवळ नोकरभरतीची स्वस्त चाळणी होऊन बसते. यांत तथ्य आहे. कंपनीनें विद्यार्थ्यांस आपलेंच यंत्र चालविण्यास शिकविलें आणि विद्यापीठानें त्यालाच अभ्यासक्रम म्हटलें, तर तें सहकार्य नव्हे. ती शाळेची भिंत जाहिरातीस भाड्यानें देणें होय. म्हणून काय शिकवावयाचें हें विद्यापीठानें ठरवावें, आणि कोणत्या अडचणींवर शिकवावयाचें तें उद्योगानें पुरवावें, ही विभागणी राखली पाहिजे. तिसरा आक्षेप शिक्षकांचा आहे. स्पर्धेंत चपळाईस बक्षीस मिळतें. नोकरींत मात्र रोज नोंदवही वाचणें, जुने प्रोग्रॅम वेळेवर दुरुस्त करणें आणि वरिष्ठांस समजेल असा अहवाल लिहिणें हींच कामें पदरीं येतात. शिवाय कोडीं बहुधा इंग्रजींत असतात. त्यामुळें लातूर किंवा नंदुरबारकडील हुषार मुलगी बुद्धीनें नव्हे, तर भाषेनें मागें पडते. स्पर्धा उपयोगी आहे, पण ती शिक्षणाची जागा घेऊं शकत नाहीं. ती तालमींतील कुस्तीसारखी आहे, आणि कुस्तीपूर्वीं महिनोन् महिने जोर काढावे लागतात.

या विद्येचा लाभ बँकांपुरताच नाहीं. अशा उपक्रमांतून शिकलेला एक विद्यार्थी घरीं येतो, तेव्हां तो आजीस सांगूं शकतो कीं, बँकेचा मनुष्य ओटीपी कधींच विचारीत नाहीं. पडद्यावर गणवेश घालून 'डिजिटल अटक' करणारा पोलीस हा पोलीस नव्हेच, कारण अशी अटक भारतीय कायद्यांत नाहीं. आणि फसवणूक झालीच, तर लाजून गप्प न बसतां तत्काळ १९३० या क्रमांकावर फोन करावा. पैसे पुढच्या खात्यांत जाण्यापूर्वीं ते अडवितां येण्याचा संभव पहिल्या कांहीं तासांतच असतो. निवृत्तिवेतनाची आयुष्यभराची शिल्लक एका दुपारीं जाते, तेव्हां घरांत असा एक जाणता असणें किती मोलाचें आहे, हें सांगावयास नको.

म्हणून मुलानें किंवा मुलीनें अशा स्पर्धेस जाण्याची इच्छा दाखविली, तर पालकांनीं बिचकून नकार देऊं नये. तीन प्रश्न मात्र विचारावे. ज्यावर प्रयोग करावयाचा तें यंत्र कोणाचें ? त्याची लेखी परवानगी कोणीं दिली ? आणि छिद्र सांपडल्यास तें कोणास कळवावयाचें ? या तिन्हींचीं उत्तरें सरळ मिळालीं, तर निःशंकपणें आशीर्वाद द्यावा.

हाच तिसरा प्रश्न उद्योगांसही विचारावयाचा आहे. रायगडाची हिरकणीची कथा महाराष्ट्रांत लहान मुलांसही ठाऊक आहे. गडाचे दरवाजे संध्याकाळीं बंद झाले, आणि घरीं राहिलेल्या तान्ह्या मुलाच्या ओढीनें ती गवळण ज्या कड्यावरून कोणी उतरणार नाहीं असें सर्वांस वाटे, त्याच कड्यावरून अंधारांत उतरून गेली. दुसऱ्या दिवशीं महाराजांनीं तिला शिक्षा केली नाहीं, तिचा गौरव केला, आणि जेथून ती उतरली तेथें बुरूज बांधविला, असें कथा सांगते. गडाची उणी बाजू एका आईनें दाखवून दिली आणि राजानें ती मान्य केली. परवानगीनें व सद्हेतूनें आपल्या संगणकांतील उणीव दाखविणाऱ्या विद्यार्थ्यास धमकीचें पत्र पाठवावयाचें, कीं त्याचे आभार मानून बुरूज बांधावयाचा, हें प्रत्येक कंपनीनें आणि प्रत्येक बँकेनें ठरवावयाचें आहे. पुढचे पहारेकरी त्यांच्या दाराशीं येतील कीं नाहीं, तें या उत्तरावर अवलंबून राहील.